जुन्या मोटारीच्या दुरुस्तीचा हिशेब

बारा-चौदा वर्षे वापरलेल्या मोटारीच्या दुरुस्तीला पन्नास-साठ हजार रुपये लागतील असे गॅरेजमधून कळले, की बहुतेक मालक त्या आकड्याची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करतात आणि दुरुस्ती निम्म्या किमतीच्या वर जात असेल, तर ती परवडणारी नाही असे ठरवून मोकळे होतात. हा ठोकताळा सोयीचा असला तरी अपुरा आहे. कारण गाडी विकल्यास हाती किती पैसे येतील एवढेच बाजारभावावरून कळते, ती वापरत राहिल्यास किती खर्च येईल हे त्यावरून कळत नाही. ज्याला रोजच्या कामासाठी मोटार लागतेच, त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो: या दुरुस्तीमुळे गाडी आणखी किती वर्षे भरवशाने चालेल, आणि त्यांतल्या प्रत्येक वर्षाचा खर्च दुसरी गाडी बाळगण्याच्या वार्षिक खर्चापेक्षा कमी पडेल की जास्त?

दुरुस्तीची बाजारभावाशी तुलना मोटार विम्याच्या व्यवहारातही आढळते, पण तेथे तिचे प्रयोजन निराळे असते. विम्यात गाडीची जी घोषित किंमत धरली जाते, तिला आयडीव्ही म्हणतात. अपघातानंतरच्या दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्णपणे गेली असे मानून भरपाई दिली जाते. विमा कंपनीला गाडी चालवायची नसते, केवळ नुकसान भरून द्यायचे असते, म्हणून तिच्यापुरता हा नियम योग्य ठरतो. मालकाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की झिजेमुळे किंवा यांत्रिक बिघाडामुळे आलेला खर्च नेहमीच्या विम्यात बसत नाही. आणि अपघाताच्या दाव्यातही, घसारा माफ करणारे जादा संरक्षण घेतलेले नसेल, तर दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. जुन्या गाडीच्या मोठ्या दुरुस्तीचा भार त्यामुळे बहुतांशी मालकाच्याच खिशावर पडतो.

घसारा, म्हणजे वापराने आणि काळाने वस्तूच्या किमतीत होणारी घट, हा मोटार बाळगण्यातला सर्वांत मोठा आणि तरीही सहज विसरला जाणारा खर्च आहे, कारण त्याचे बिल कधी येत नाही. विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार नव्या गाडीची किंमत पहिल्या पाच वर्षांत निम्म्यावर येते. सात लाखांची गाडी घेतली, तर या हिशेबाने दरवर्षी सरासरी ७० हजार रुपये केवळ घसाऱ्यात जातात. या सात लाखांपैकी पाच लाख रुपये नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतले असतील, तर व्याजाचे वर्षाला सुमारे २४-२५ हजार त्यात मिळवावे लागतात. नोंदणीच्या वेळचा एकरकमी कर, विमा आणि सर्व्हिसिंग न धरताही हा खर्च वर्षाला ९५ हजारांच्या आसपास जातो.

आता जुन्या गाडीचे उदाहरण घेऊ. समजा, बिघडलेली गाडी आहे त्या स्थितीत ९० हजारांना विकली जाईल, दुरुस्तीला ६० हजार लागतील, त्यानंतर ती तीन वर्षे चालेल आणि अखेरीस ६० हजारांना विकली जाईल. आज हाती न घेतलेले ९० हजार आणि दुरुस्तीचे ६० हजार यांतून शेवटी मिळणारे ६० हजार वजा केले, तर तीन वर्षांत ९० हजार, म्हणजे वर्षाला ३० हजार खर्च झाला. विमा, सर्व्हिसिंग आणि किरकोळ कामे यांचे २५ हजार धरले, तरी तो ५५ हजारांवर थांबतो. मात्र हीच गाडी दुरुस्तीनंतर एकच वर्ष चालून ३० हजारांना भंगारात गेली, तर त्या एका वर्षाची किंमत १ लाख ४५ हजार होते. दुरुस्तीचा आकडा दोन्ही वेळा एकच आहे; निर्णय उलटा होतो तो तिने मिळवून दिलेल्या वर्षांमुळे.

या हिशेबात गेल्या वर्षी बदललेल्या क्लचचे किंवा नव्या टायरचे पैसे धरलेले नाहीत, हे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्थशास्त्रात अशा परत न मिळणाऱ्या खर्चाला बुडीत खर्च म्हणतात. आजवर एवढे पैसे घातले, आता कशी सोडायची, हा विचार स्वाभाविक असला तरी त्या पैशांमुळे पुढचा खर्च कमी होत नाही. क्लच नवा असल्यामुळे तो पुढील काही वर्षे बदलावा लागणार नाही, एवढाच त्या जुन्या खर्चाचा आजच्या निर्णयाशी संबंध असतो.

गाडी आणखी किती वर्षे चालेल याचा अंदाज बांधण्यासाठी झीज आणि ऱ्हास यांतील फरक उपयोगी पडतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, शॉकअब्सॉर्बर, लोअर आर्म आणि त्यांचे बुश, व्हील बेअरिंग, बॅटरी हे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. ते बदलले की त्या भागापुरती गाडी नव्यासारखी होते, म्हणून अशा कामांची यादी लांबलचक असली तरी ती घाबरण्याचे कारण नसते. याउलट शेजारच्या भागांनाही हळूहळू निकामी करणारा दोष एका जागी दुरुस्त करून भागत नाही. इंजिन एकदा कडक तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ठोकळा आणि वरचे हेड यांमधील सील, गेले असेल, तर केवळ गॅस्केट बदलून काम संपेल की हेडही वाकले आहे, हे हेड उतरवून तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणूनच मोठ्या खर्चाला होकार देण्याआधी निदानावर केलेला लहान खर्च वाया जात नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट ज्वलनकक्षात शिरत आहे, आणि काळा धूर असेल तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे, असा सर्वसाधारण संकेत मिळतो. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजला जातो. सगळे आकडे पुरेसे वर आणि एकमेकांजवळ असतील तर इंजिन मुळात धड आहे असे समजता येते, आणि एखादाच आकडा फार खाली असेल तर पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांपैकी दोष कोठे आहे याचा शोध घेता येतो. डिझेल गाडीत इंजेक्टर, उच्च दाबाचा इंधनपंप आणि टर्बो हे महाग भाग असल्याने त्यांची तपासणी स्वतंत्रपणे करून घेणे इष्ट असते.

तरीही गाडीचे आयुष्य अखेर ठरते ते बहुधा पत्र्यावर. आजच्या बहुतेक लहान मोटारींना वेगळी चौकट नसते. पत्र्याचे वेल्डिंग केलेले शरीरच सगळा भार पेलते. त्यामुळे दारावरचा किंवा मडगार्डवरचा गंज डेंटिंग-पेंटिंगने निभावून नेता येतो, पण सस्पेन्शन जेथे बसते त्या जागा, दारांखालच्या पेट्या किंवा तळाचे आडवे-उभे दांडे सडले असतील, तर गाडीची मजबुतीच गेलेली असते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि लांबलेला पावसाळा यांमुळे हा धोका अधिक असतो. गाडी लिफ्टवर चढवून तळ पाहण्याआधी इंजिनवर मोठा खर्च करणे म्हणजे पाया न तपासता घराचा वरचा मजला बांधण्यासारखे आहे.

सुटे भाग मिळण्याचा प्रश्नही याच टप्प्यावर विचारात घ्यावा लागतो. मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या मॉडेलांचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. पण ज्या कंपन्यांनी भारतातील विक्री थांबवली, उदाहरणार्थ २०१७ मध्ये जनरल मोटर्सने आणि २०२१ मध्ये स्थानिक उत्पादन बंद करण्याची घोषणा करणाऱ्या फोर्डने, त्यांच्या गाड्यांच्या बाबतीत नेमका भाग कोठे आणि किती दिवसांत मिळेल याची चौकशी आधीच केलेली बरी. मुंबईत कुर्ल्यासारख्या ठिकाणी जुने भाग मिळतात. दारे, दिवे, आरसे यांसाठी ते चालतात, परंतु ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या बाबतीत जुना भाग वापरणे धोक्याचे असते.

यंत्राइतकेच आयुष्य कागदपत्रांनाही असते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर आरटीओकडून तपासणी करून तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. बोलीभाषेत यालाच पासिंग म्हणतात. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आणि २० वर्षांवरील गाडीसाठी २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात त्याखेरीज पर्यावरण करही भरावा लागतो. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीची दुरुस्ती ठरवताना हा खर्च, आणि तपासणीत अडू नये म्हणून करावी लागणारी कामे, त्याच हिशेबात घालायला हवीत.

दुरुस्तीला पर्याय म्हणून दुसरी सेकंडहँड गाडी घेण्याचा विचार अनेक जण करतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या एका प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला ते नसतात, तेव्हा चांगल्या गाड्या बाजारातून बाहेर पडू लागतात. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यातून निघणारा व्यावहारिक अर्थ असा, की स्वतःच्या गाडीचे दोष माहीत असणे हीदेखील एक मिळकत असते, आणि ती सोडून अनोळखी गाडी घेताना तिच्या पहिल्या वर्षातील दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला ठेवावी लागते. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे नव्या आणि जुन्या गाडीतील अंतर कमी झाले आहे, हेही तुलनेत धरले पाहिजे.

काही गोष्टी मात्र दुरुस्तीने विकत घेता येत नाहीत. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून आणि चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाली. त्याआधीच्या अनेक स्वस्त मॉडेलांमध्ये या दोन्ही नाहीत. आठवड्यातून दोनदा गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीसाठी ही उणीव चालवून घेता येईल, पण द्रुतगती मार्गावर रोज कुटुंब घेऊन जाणाऱ्याने पैशांचा हिशेब जुन्या गाडीच्या बाजूने लागला तरी तिला नकार देणे शहाणपणाचे ठरते.

निर्णयाचा क्रम त्यामुळे नेहमीच्या उलट असावा लागतो: आधी तळाचा पत्रा, मग नोंदणीची उरलेली वर्षे आणि सुट्या भागांची उपलब्धता, त्यानंतर इंजिनचे निदान, आणि सर्वांत शेवटी गॅरेजचा आकडा. पहिल्या दोन पायऱ्यांवर गाडी नापास झाली, तर दुरुस्ती स्वस्त असली तरी महागच पडते. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते, त्यावर नव्या खाजगी गाडीच्या वाहनकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे, आणि जुनी नोंदणी रद्द झाल्याने ती गाडी पुढे कोणी वापरली याची जबाबदारीही मालकावर राहत नाही. गाडी या पायऱ्यांवर उत्तीर्ण झाली, तर मात्र इंजिन उघडण्यापूर्वीच खर्चाची कमाल मर्यादा लिहून ठेवावी आणि आतून नवा दोष निघून ती ओलांडली गेली, तर काम तेथेच थांबवून हिशेब नव्याने मांडावा.