कडाक्याची थंडी आणि डिजिटल कॅमेरा

लडाखमधील पँगाँग सरोवर चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर असून त्याचें पाणी खारें आहे. तरीहि भर हिंवाळ्यांत तें गोठून दगडासारखें कठीण होतें. मुंबईच्या दमट हवेंतून तेथें गेलेल्या हौशी प्रवाशाला हें दृश्य टिपण्याचा मोह न झाला तरच नवल. परंतु पुष्कळदां असें घडतें कीं, पहांटे कॅमेरा सिद्ध करावा, दोन-चार चित्रें घ्यावींत आणि बॅटरी संपल्याची खूण दिसून कॅमेरा मुका व्हावा. यंत्र बिघडलें असा प्रवाशाचा समज होतो. वास्तविक बिघडलेलें कांहींच नसतें. हा सारा प्रताप थंडीचा.

डिजिटल कॅमेऱ्याला वीज पुरविते ती बहुधा लिथियम-आयन बॅटरी. तिच्या दोन ध्रुवांमध्यें एक द्रव असतो व लिथियमचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, त्यांतून ये-जा करितात. हिंवाळ्यांत बाटलींतलें खोबरेल तेल थिजतें, हा अनुभव घरोघरीं आहे. बॅटरींतील द्रव तसा थिजत नाहीं, पण दाट होतो. आयनांची गति मंदावते, विद्युद्दाब उतरतो आणि कॅमेरा आपोआप बंद पडतो. वीज संपलेली नसते, ती अडकून पडलेली असते. तीच बॅटरी अंगाच्या उबेंत कांहीं वेळ ठेविली, तर पुन्हां काम देऊं लागते. म्हणून जाणते लोक दोन-तीन जादा बॅटऱ्या आंतल्या खिशांत बाळगतात व आळीपाळीनें वापरतात. गारठलेली बॅटरी मात्र तशीच चार्ज करूं नये. शून्य अंशाखालीं असें केल्यास तिच्या ध्रुवावर लिथियम धातूचा थर बसतो व ती कायमची दुबळी होते.

भिंगाच्या नळींतील वंगण दाटतें, मागच्या पडद्यावरील चित्र रेंगाळतें. पण थंडीचा एक उपकारहि आहे. प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरमध्यें उष्णतेमुळें जे खोटे ठिपके उमटतात, ते थंडींत कमी होतात. रात्रीच्या आकाशाचीं दीर्घकाळ घेतलेलीं चित्रें त्यामुळें अधिक स्वच्छ येतात.

बर्फाचा शुभ्रपणाहि कॅमेऱ्याला फसवितो. समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे, असें धरून त्याची प्रकाशमापनाची योजना चालते. परिणामीं पांढरें बर्फ चित्रांत राखेच्या रंगाचें उतरतें. त्यावर उपाय सोपा : कॅमेरा सुचवील त्याच्या दुप्पट, प्रसंगीं चौपट प्रकाश आंत घ्यावा.

खरा धोका पुढेंच असतो, तो उबदार खोलींत परतल्यावर. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसाच गार कॅमेऱ्यालाहि सुटतो. हवेंतील बाष्प भिंगावर व आंतील विद्युत्‌-मंडलांवर जमून यंत्राचा घात करतें. म्हणून बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवींत घालून तिचें तोंड घट्ट बांधावें, आणि आंत आल्यावर कॅमेरा खोलीइतका उबदार होईपर्यंत ती उघडूं नये. दंव जमलेंच, तर तें पिशवीच्या बाहेरील अंगाला जमेल.

यंत्राइतकीच माणसाचीहि काळजी हवी. तीव्र थंडींत उघडें बोट धातूला चिकटतें. हर्बर्ट पाँटिंग हा १९११ सालीं स्कॉटच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकांत चित्रें घेत असतां, त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूच्या भागाला चिकटून सोलली गेली. म्हणून आंत पातळ व वर जाड असे दोन हातमोजे घालावे. बोटें बधिर होऊन पांढरीं दिसूं लागलीं, तर चित्राचा नाद तात्काळ सोडावा. हिमदंशानें गेलेलें बोट परत येत नाहीं.

पाँटिंगनंतर थोड्याच वर्षांनीं, १९१५ सालीं, शॅकल्टनचें ‘एन्ड्युअरन्स’ जहाज बर्फांत चिरडलें. त्यावरील छायाचित्रकार फ्रँक हर्ली यानें बर्फाळ पाण्यांत उतरून आपल्या कांचा बाहेर काढल्या. पण पुढील वाटचालींत एवढें ओझें नेणें अशक्य होतें. तेव्हां शॅकल्टनसह बसून त्यानें सुमारें १२० कांचा राखल्या आणि सुमारें ४०० स्वतःच्या हातानें फोडल्या. आज हजारों चित्रें नखाएवढ्या पत्र्यावर मावतात व कांच फोडण्याचा प्रसंग कोणावर येत नाहीं. तरीहि कोणतें चित्र घ्यावें आणि कोणतें सोडून माघारीं वळावें, हा विवेक माणसालाच करावा लागतो.