शरणपूर ते राबाई

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो लोक ये-जा करतात. या नावातील ‘शरण’ कोणाला दिले गेले, हा प्रश्न त्यांतील फार थोड्यांना पडत असेल. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये वसविलेल्या या ख्रिस्ती वसाहतीत पुढे आफ्रिकेतील मुलामुलींनाही आसरा मिळाला. अरबी समुद्रातून गुलामांची ने-आण करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेल्या पोरक्या मुलांचे करावयाचे काय, हा मुंबई सरकारपुढील पेच होता. त्यांतील काहींना शरणपुरात सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकविण्यात आले. नावेही नवी देण्यात आली.

आफ्रिकेतील मिशनरी कार्याविषयी आपल्याकडे दोन सोप्या समजुती रूढ आहेत. एकीत गोरा धर्मोपदेशक हा रानावनांत ज्ञानदीप नेणारा महात्मा असतो. दुसरीत तो साम्राज्याचा बायबलधारी हस्तक. आफ्रिकी माणूस मात्र दोहोंतही केवळ प्रेक्षक! केनियातील मोंबासाजवळच्या राबाई या गरीब खेड्याचा इतिहास या दोन्ही समजुतींना दाद देत नाही.

योहान लुडविग क्राफ हे जर्मन मिशनरी १८४४ मध्ये मोंबासाला उतरले आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी व नवजात कन्या दगावली. तरीही हा गृहस्थ मागे फिरला नाही. १८४६ मध्ये योहानेस रेबमान या सहकाऱ्यासह त्यांनी राबाईला ठाणे मांडले. रेबमान यांनी १८४८ मध्ये किलिमांजारोवरील हिम पाहिले; विषुववृत्तानजीक बर्फ म्हणताच लंडनमधील घरबसल्या भूगोलतज्ज्ञांनी त्यांची टवाळी केली. राबाईच्या लोकांनी टवाळी केली नाही, पण त्यांचा उपदेशही फारसा मनावर घेतला नाही. पूर्वजांच्या ‘काया’ नामक पवित्र वनांवर श्रद्धा असलेल्या मिजिकेंदा शेतकऱ्यांना या परक्या पापमुक्तीची निकडच भासत नव्हती. पहिला बाप्तिस्मा १८५१ मध्ये झाला, तोही म्रिंगे नावाच्या एका अपंग, मरणोन्मुख माणसाचा. क्राफ १८५३ मध्ये परतले. रेबमान यांनी तेथे २९ वर्षे काढली आणि दृष्टी गमावून १८७५ मध्ये ते मायदेशी गेले, तेव्हा त्यांच्यामागे अनुयायी होते अगदी मूठभर.

मग राबाईत ख्रिस्ती धर्म रुजविला कोणी? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी नाशिककडे बोट दाखविते. विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड आणि इस्माएल सेमलर हे शरणपुरात वाढलेले तरुण १८६४ मध्ये रेबमान यांच्या मदतीस धाडण्यात आले. (लिव्हिंगस्टन यांच्या शवाबरोबर १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट हाही नाशिकचाच विद्यार्थी.) १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसविले, तेव्हाही त्या वसाहतीचा कणा हे ‘बॉम्बे आफ्रिकन’च होते.

राबाईकडे आता वेगळीच माणसे येऊ लागली. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम रात्री-अपरात्री तेथे पोहोचत. सुलतानाच्या मुलखात गुलाम बाळगणे कायदेशीर होते. पळालेल्यांना थारा देऊ नये, अशी ब्रिटिश अधिकाऱ्यांची ताकीद होती आणि मिशनच्या वरिष्ठांचाही कल तोच होता. जोन्स यांच्या देखरेखीखालील राबाईने ती ताकीद फारशी जुमानली नाही. बालपणीच ज्याला विकले गेले होते, तो माणूस दाराशी आलेल्या पळपुट्याला कोणत्या तोंडाने परत पाठविणार होता? आश्रितांना तेथे झोपडी मिळे, कसायला जमिनीचा तुकडा मिळे आणि प्रार्थनामंदिरात इतरांच्या शेजारी बसता येई. ही माणसे पोटासाठी बाटली, असा आक्षेप महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. परंतु ज्याची बाजारात किंमत ठरत होती, त्याला आपल्या आत्म्याला मोल आहे असे प्रथमच सांगण्यात आले, तर त्याची श्रद्धा आणि त्याचा निवारा यांची फारकत करण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या टीकाकाराला कितपत पोहोचतो?

१८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेमलर यांना उपपुरोहित केले आणि जोन्स यांना बरोबर घेऊन ते युगांडाच्या वाटेला लागले. जोन्स यांना मोठ्या तांड्यासह वाटेत थांबवून बिशप पुढे गेले आणि ऑक्टोबरमध्ये बुसोगात मारले गेले. उरलेल्या हमालांना घेऊन जोन्स १८८६ मध्ये राबाईला परतले, तेव्हा तांड्याच्या अग्रभागी निळ्या निशाणावर ‘ईखाबोद’, म्हणजे गौरव लोपला, हा बायबलमधील शब्द लिहिलेला होता.

दोन वर्षांनी मालकांचा संताप अनावर झाला. मिशनच्या वसाहतींत चौदाशेहून अधिक पळालेले गुलाम आढळले. आपल्या व्यापारावर बेतणारे हे बंड शमविण्यासाठी इम्पिरिअल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई दिली आणि १८८९ च्या आरंभी त्या सर्वांच्या हाती मुक्तिपत्रे पडली. या कामाचे श्रेय इंग्लंडमध्ये कंपनीच्या उदारतेला मिळाले. जोन्स यांना मात्र पूर्ण पुरोहितपदाची दीक्षा मिळण्यास १८९५ साल उजाडावे लागले.