शिंदे घाटावरची दहाची गोळी

आज गोळ्यांबद्दल बोलू या. विषय रुक्ष वाटेल, पण मी सुरुवात काशीच्या शिंदे घाटापासून करणार आहे. 'गोळी वेळेवर घ्या' हे डॉक्टरांचं वाक्य मी कित्येक वर्षं ऐकत होते. त्याचा खरा अर्थ मला त्या घाटावर कळला.

आम्ही तिघं गेलो होतो. आमचे हे, मी आणि माझ्या वन्सं. ह्यांना पार्किन्सन्स होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. वन्संना रेस्टलेस लेग्जचा त्रास. म्हणजे संध्याकाळी, रात्री, जरा आडवं झालं की पायात काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की बरं वाटतं. एकाच प्रवासात दोन आजार, दोन गोळ्यांचे डबे.

सकाळी दशाश्वमेध घाटावरून नाव केली. साडेनऊपर्यंत परत येऊ, अशा हिशेबाने दहाची गोळी मुक्कामाच्या खोलीतच राहिली. मणिकर्णिका ओलांडून शिंदे घाट आला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला हा घाट. त्याच्या शेजारी पाण्यात एका बाजूला कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. ह्यांना ते जवळून बघायचं होतं. उतरलो, बसलो, रमलो. घड्याळात पाहिलं तर दहा वाजून वीस मिनिटं.

"चला," म्हटलं. हे उठले, वळले, आणि तिथेच थांबले. पाऊल उचलेना. पाय फरशीला चिकटल्यासारखे. हात थरथरायला लागला, चेहरा घट्ट झाला. गोळीचा असर उतरला होता. आपल्याकडे ह्याला 'ऑफ' होणं म्हणतात.

तेव्हा वन्संनी पर्स उघडली. "अगं, माझ्याकडे आहे ना गोळी! हीसुद्धा पार्किन्सन्सवरच देतात, डॉक्टर म्हणाले होते. दे त्याला." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या हातात प्रामिपेक्सोल होती, आणि ती दोन्ही आजारांत देतात. माझा हात पुढे झालासुद्धा होता.

मी ती गोळी दिली नाही. का, ते सांगते.

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. पार्किन्सन्समध्ये ते तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपा हा डोपामिनचा कच्चा माल. तो मेंदूत पोचला की त्याचं डोपामिन बनतं. गोळीत त्याच्यासोबत कार्बिडोपा असतो, तो लेव्होडोपाला वाटेतच खर्च होऊ देत नाही. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी थोडा साठा करतात, म्हणून गोळी तासभर पुढे गेली तरी निभावतं. पुढे साठवण्याची ताकद जाते. मग आली गोळी की चालले पाय, उतरली गोळी की थांबले पाय. नऊ वर्षांनंतर आम्ही ह्या टप्प्यावर होतो, आणि मी मात्र पहिल्या वर्षाचाच हिशेब धरून चालले होते.

प्रामिपेक्सोल हे वेगळं औषध. ते डोपामिनची नक्कल करतं. ते अगदी थोड्या मात्रेत सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवतात. कधीही न घेतलेल्या माणसाला ते एकदम दिलं तर रक्तदाब उतरू शकतो, गुंगी येऊ शकते, काहींना भासही होतात. आणि आम्ही कुठे होतो? पाण्याच्या कडेला, उंच पायऱ्यांच्या तळाशी.

मग वन्संना ह्यांच्याजवळ बसवून मी त्याच नावेने परत गेले आणि डबा घेऊन आले. सव्वाअकरा झाले होते. तोवर एका भल्या माणसाने ह्यांच्यासाठी घट्ट लस्सी आणली होती. तीही बाजूला ठेवली. दुधादह्यातली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारातून जातात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर. एक मोह मलाही झाला, उशीर झालाय तर दोन देऊ का? नाही. चुकलेली गोळी दुप्पट करून भरून काढायची नसते. एकच दिली. पाऊण तासाने हे उठले, आणि गंमत म्हणजे पायऱ्या भराभर चढले. सपाट फरशीवर अडकणारे पाय पायरी समोर दिसली की उचलले जातात, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. वर पोचल्यावर देवळाकडे बोट दाखवून म्हणाले, "तेही कललंय, पण उभं आहे." मला मात्र तेव्हा हसू आलं नाही.

आता वन्संची गोष्ट. त्यांच्या पायांची वळवळ पूर्वी रात्री दहाला सुरू व्हायची. त्या प्रवासात ती दुपारी चारलाच सुरू झाली, हातांपर्यंतही गेली. त्यांनी उपाय काय केला? रोज अर्धी गोळी जास्त. दोन दिवस बरं वाटलं, मग आणखी वाढलं. परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की हा औषधाचाच परिणाम आहे. ह्याला ऑगमेंटेशन म्हणतात. रेस्टलेस लेग्जमध्ये प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल किंवा लेव्होडोपा दीर्घकाळ घेतलं, की त्रास लवकरच्या वेळी सरकतो, पसरतो, तीव्र होतो. मात्रा वाढवणं म्हणजे आगीत तेल. म्हणूनच २०२५ मध्ये अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संस्थेने ह्या गोळ्या नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असा सल्ला दिला. आधी लोह तपासा, असंही सांगितलं. फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, तर रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलेलं असलं तरी ह्या आजारात लोह देण्याचा विचार करतात. वन्संचं फेरिटिन कमीच निघालं. डॉक्टरांनी लोह सुरू केलं आणि जुनी गोळी हळूहळू उतरवली.

बघा, एकाच घराण्यातली औषधं, पण धोका वेगवेगळ्या बाजूला. ह्यांच्या बाबतीत गोळी चुकणं घातक, वन्संच्या बाबतीत स्वतःच्या मनाने वाढवणं घातक. एक नियम मात्र दोघांना सारखा: एकदम बंद करायची नाही. लेव्होडोपा अचानक थांबवला तर तीव्र ताप, शरीर ताठणं, शुद्ध हरपणं इथवर जाऊ शकतं. प्रामिपेक्सोल अचानक सोडली तर घालमेल, घाम, निराशा येऊ शकते.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. तर शुभंकरांनो, मी आता काय करते ते सांगते.

एक दिवसाच्या गोळ्या कायम अंगावरच्या पिशवीत. मोबाइलवर प्रत्येक वेळेचा गजर. औषधांची यादी दोघांच्याही पाकिटात, गोळीच्या पूर्ण आकड्यासह. ११० म्हणजे १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा, १२५ म्हणजे १०० आणि २५, २७५ म्हणजे २५० आणि २५. परगावी दुकानदाराने 'तीच आहे' म्हटलं तरी आकडा वाचायचा. 'सीआर' लिहिलेली गोळी चावायची किंवा कुटायची नाही. लोहाची गोळी आणि लेव्होडोपा ह्यांत निदान दोन तासांचं अंतर.

प्रवासात उलटी झाली तर दुकानातून मेटोक्लोप्रामाइड घ्यायचं नाही. ते मेंदूत डोपामिनचीच वाट अडवतं, दोन्ही आजार बळावतात. कोणतं चालेल ते निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी टाळायची. सर्दीच्या काही गोळ्यांनी पायांची वळवळ वाढते. कौंचबीजाचं चूर्ण निरुपद्रवी समजू नका. त्या बियांत लेव्होडोपाच असतो, म्हणजे ती न मोजलेली जास्तीची मात्रा झाली.

आणि एक गोष्ट घरच्यांनीच बघायची असते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल घेणारा माणूस अचानक फार खरेदी करायला लागला, पत्त्यांवर किंवा लॉटरीवर पैसे लावायला लागला, बोलता-बोलता झोपायला लागला, तर त्याला रागावू नका. डॉक्टरांना सांगा. स्वभाव बदललेला नसतो, बहुधा औषध बोलत असतं.

शुभार्थींचे पायही पुढच्या गोळीआधी वळवळू शकतात. तो गोळीचा असर संपत आल्याचा इशाराही असू शकतो. वेळ लिहून ठेवा, आठवडाभराची वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळ्या बदलायच्या त्यांनी, वही लिहायची आपण.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा काशीला गेलो. शिंदे घाटावर दहाला गजर वाजला. ह्यांनी गोळी घेतली, मी पाण्याची बाटली बंद केली, आणि मग निवांत देऊळ बघत बसलो. भेटू या पुढच्या गप्पांत.