छोट्या आगगाडीचा गोतावळा

आगगाडीची शिट्टी ऐकून ज्याची मान तिकडे वळली नाहीं असा मुलगा विरळाच. बालपणीं रिकाम्या आगपेट्या दोऱ्यानें एकमेकींस बांधून आपण सर्वांनींच कधीं ना कधीं गाडी चालविलेली असते. पुढें बहुतेकांचें हें वेड आपोआप ओसरतें. परंतु युरोप व अमेरिका खंडांत असे हजारों गृहस्थ आहेत कीं, ज्यांचें हें वेड वयाबरोबर वाढतच गेलेलें आहे. त्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, धर्मोपदेशक आहेत आणि प्रत्यक्ष रेल्वेंत नोकरी करणारेही आहेत. दिवसाचें काम संपलें म्हणजे ते तळघरांत किंवा माळ्यावर जातात, आणि त्यांनीं स्वतःच्या हातांनीं उभारलेली छोटी आगगाडी तेथें चालूं लागते. या छंदाचें स्वरूप काय, त्यांत शिकण्यासारखें काय आहे, आणि त्यायोगें माणसें एकमेकांशीं कशीं जोडलीं जातात, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळणें आणि नमुना यांतील भेद पाहूं. किल्ली दिली म्हणजे वर्तुळांत फिरणारी गाडी हें खेळणें होय. १८९१ सालीं जर्मनींतील मेर्क्लिन नांवाच्या कारखान्यानें लाइप्‌झिग येथील जत्रेंत ठराविक मापांच्या गाड्या व रूळ मांडले, आणि एकदां घेतलेल्या गाडीला पुढें नवे रूळ व सांधे जोडतां येतील अशी सोय केली. इंग्लंडांत लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनीं १९२० पासून अशा गाड्या घरोघर पोंचविल्या. परंतु हौशी माणसाचें समाधान एवढ्यावर होत नाहीं. त्याला स्टेशन पाहिजे, मालधक्का पाहिजे, पूल, बोगदा, फाटक आणि फाटकाशीं खोळंबलेली बैलगाडीसुद्धां पाहिजे. आणि हीं सर्व एकाच प्रमाणांत असलीं पाहिजेत. येथून नमुन्यास आरंभ होतो.

हें प्रमाण म्हणजे या छंदाचें व्याकरणच होय. सर्वांत अधिक प्रचारांत असलेलें प्रमाण ‘एच्. ओ.’ या नांवाचें असून त्यांत मूळ वस्तूच्या ८७ व्या भागाएवढी प्रतिकृति करितात. इंग्लंड-अमेरिकेंतील रुळांमधील अंतर ४ फूट ८॥ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर असतें. त्यास ८७ नें भागिलें म्हणजे १६॥ मिलिमीटर होतात. साडेपांच फूट उंचीचा गार्ड येथें पाऊण इंचाचा होतो. आपल्याकडील रुंद मार्गाचे रूळ ५ फूट ६ इंच अंतरावर असतात. त्यांचें अंतर याच प्रमाणांत १९ मिलिमीटरांहून किंचित् अधिक भरेल. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पहावें.

आतां खरी अडचण पुढें येते. एक मैल म्हणजे ५२८० फूट. त्याचा ८७ वा भाग जवळजवळ ६१ फूट होतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली गाडी गेली, तिचा मार्ग २१ मैलांचा होता. तेवढाच मार्ग या प्रमाणांत तंतोतंत करावयाचा म्हटला तर पाव मैलाहून थोडीच कमी लांबीची खोली लागेल! अशी खोली कोणाच्या घरांत आहे? म्हणून सर्व कांहीं घेण्याचा हव्यास सोडून, ज्यायोगें तें ठिकाण ओळखूं येतें तेवढेंच घ्यावें लागतें. दहा कमानींच्या पुलाच्या तीन कमानी ठेवावयाच्या, पण त्या तीन मात्र खऱ्या वाटल्या पाहिजेत. काय ठेवावें आणि काय गाळावें हें ठरविण्यांत कर्त्याची दृष्टि दिसून येते.

चढाचेंही तसेंच आहे. १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गांत सर्वांत कठीण चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. घरांतील गाडीला दुसऱ्या रुळांवरून पलीकडे जावयाचें तर सुमारें ३ इंच उंची गांठावी लागते. बोरघाटाच्या चढानें ती गांठण्यास १११ इंच, म्हणजे सव्वानऊ फूट लागतात. आणि तितकेच पुन्हां उतरण्यास. बारा फुटी खोलींत हें सरळ रेषेंत साधणें अशक्य; म्हणून मार्ग भिंतीच्या कडेनें वळवीत न्यावा लागतो. वळण फार आंखूड केलें तर लांब डबे रुळांबाहेर झुकतात आणि चाकें घसरतात. जागा अगदींच नसेल तर गाडी एका टोंकास नेऊन, उलट दिशेनें पुढील चढ चढविण्याची युक्ति करितात. खंडाळ्याजवळ खऱ्या गाड्याही १९२९ पर्यंत अशाच जात असत.

अशा अडचणी आल्या म्हणजे माणूस दुसऱ्यास विचारावयास जातो, आणि येथूनच या छंदाचा गोतावळा वाढूं लागतो. लंडन येथें १९१० सालीं या हौशी लोकांचें मंडळ स्थापन झालें. अमेरिकेंत मात्र एक निराळीच पंचाईत होती: एका कारखान्याचीं चाकें दुसऱ्याच्या रुळांवर नीट चालत नसत. मित्राच्या घरीं आपलें इंजिन न्यावें, तर तें सांध्यावर अडून बसे. १९३५ सालीं मिलवॉकी शहरीं तेथील हौशी मंडळींनीं एक राष्ट्रीय संस्था काढून चाकांचीं व रुळांचीं मापें ठरवून घेतलीं. तेव्हांपासून एकाची गाडी दुसऱ्याच्या घरीं निर्वेधपणें धांवूं लागली. १९७० नंतरच्या दशकांत तर प्रत्येकानें दोन-चार फुटांचा एकेक तुकडा घरीं तयार करावा, आणि संमेलनांत सर्वांनीं ते एकमेकांस जोडून लांबच लांब मार्ग करावा, अशी पद्धति पडली. आपल्या तुकड्यांत डोंगर असो वा समुद्र, दोन्हीं टोंकें तेवढीं ठरल्या मापाचीं पाहिजेत. शेजारधर्माचें याहून सोपें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

या मंडळींची सायंकाळची बैठक कशी चालते तेंही सांगावयास हवें. भिंतीवर एक जलद घड्याळ असतें. त्यांत दहा मिनिटांत एक तास होतो, म्हणून अडीच तासांत पंधरा तासांचें वेळापत्रक पुरें होतें. प्रत्येक वाघिणीची एक चिठ्ठी असते; ती कोठून निघाली व कोणत्या धक्क्यावर ठेवावयाची हें तींत लिहिलेलें असतें. एक जण स्टेशनमास्तर, दुसरा ड्रायव्हर, तिसरा सर्व मार्गावर नजर ठेवणारा अधिकारी. अशा वेळीं कानीं पडणारा संवाद साधारण असा असतो:

“तुमची मालगाडी अजून चुन्याच्या भट्टीपाशींच आहे काय?”

“आहे खरी. मागची वाघीण घसरली. पण आधीं सांगा, मातोश्रींचा ताप कसा आहे?”

“काल रात्रीं उतरला. आज पेज घेतली.”

“फार बरें झालें. सिग्नल पडला, सोडतों गाडी.”

यांत थट्टेचा भाग कांहीं नाहीं. समोरासमोर बसवून ‘आतां मन मोकळें करा’ असें म्हटलें तर पुष्कळांच्या तोंडून शब्द फुटत नाहीं. परंतु हात कामांत असले, डोळे चाकाकडे लागले, म्हणजे घरचें आजारपण, मुलाची परीक्षा, गेलेली नोकरी, हें सर्व सहज बोललें जातें. ऐकणाराही उपदेश करीत बसत नाहीं; डाख देण्याची कांडी पुढें करतां करतां धीराचा एखादा शब्द बोलतो. आठवड्याची ही बैठक चुकली तर कोणी तरी चौकशीस घरीं येतो.

या छंदांतून विद्येसही हातभार लागला आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत १९४६ सालीं विद्यार्थ्यांनीं छोट्या आगगाडीचें मंडळ काढलें. कांहींना डोंगर व घरें करण्याची आवड, तर कांहींना रुळांखालील तारांची. या दुसऱ्यांनीं टेलिफोनचीं जुनीं यंत्रें जोडून गाड्यांचें नियमन केलें. आणि पुढें गणकयंत्र हातीं येतांच त्यांतीलच कित्येक मुलें त्या नव्या विद्येच्या अग्रभागीं गेलीं.

इंग्लंडांतील रेव्हरंड पीटर डेनी यांची गोष्ट पालकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्यांनीं ‘बकिंगहॅम’ नांवाची मांडणी कित्येक वर्षें खपून उभारली. तींतील एक स्टेशन त्यांचा मुलगा क्रिस्पिन सांभाळीत असे. तो घरीं नसतां काम अडूं नये म्हणून डेनी यांनीं त्याच्या जागीं गाड्या आपोआप सोडणारें एक यंत्र बनविलें, आणि त्यास नांव दिलें ‘स्वयंचलित क्रिस्पिन’! यंत्र मुलाचें काम करूं शकलें. पण नांव मुलाचेंच देण्यांत बापाचें मन दिसतें.

एवढ्या श्रमांचें शेवटीं काय होतें? कॅलिफोर्नियांतील जॉन अॅलन यांनीं जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभारून जी मांडणी केली, ती जगभर वाखाणली गेली. जानेवारी १९७३ मध्यें ते वारले, आणि थोड्याच दिवसांत त्या घरास आग लागून त्यांच्या कृतीचा बहुतेक भाग जळाला. परंतु त्यांचीं छायाचित्रें राहिलीं, आणि लिन वेस्टकॉट यांनीं त्यांवर लिहिलेला ग्रंथ १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास स्वतः वेस्टकॉटही उरले नव्हते. उलट डेनी २००९ सालीं वारले, तरी त्यांची मांडणी दुसऱ्या एका हौशी गृहस्थानें आपल्या घरीं नेऊन, दुरुस्त करून पुन्हां चालती केली. लांकूड आणि पत्रा यांचें आयुष्य किती असावयाचें? जें कांहीं टिकलें तें स्नेह्यांमुळें टिकलें.

आपल्या प्रांतांतही हा छंद अगदींच अपरिचित नाहीं. पुणें येथें भाऊ जोशी यांनीं आपल्या हौशीनें उभारलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें केलें. ज्यांस शक्य असेल त्यांनीं मुलांस अशा गोष्टी अवश्य दाखवाव्या.

परंतु आरंभ करण्यास पुण्यास जाण्याचेंही कारण नाहीं. एक फळी, थोडा पुठ्ठा, सरस, लांकडाचा भुसा आणि मोजपट्टी एवढ्या सामग्रीवर आपल्या गांवचें स्टेशन ८७ व्या हिश्शानें तयार करतां येईल. फलाटाची लांबी पावलांनीं मोजून आणा, भागाकार करा, पुठ्ठा कापा. विद्यार्थिमित्रहो, हें काम एकट्यानें करूं नका. शेजारच्या मुलास अथवा बहिणीस बोलवा. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, जमिनीवर सरस सांडला म्हणून रागावण्यापूर्वीं क्षणभर मुलांजवळ बसावें, आणि पुढची गाडी किती वाजतां सुटणार हें विचारावें.