टिचकी मारल्यावर बोलणारी खापरं

माठ विकत घेताना आपण त्यावर बोटाने टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर भाजणी चांगली, बद्द आला तर कुठेतरी तडा. पश्चिम इराणमध्ये उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी एका प्रकारच्या खापरांना नावच त्या आवाजावरून दिलं, ‘क्लिंकी वेअर’. पातळ, कडक भाजलेली, बाहेरून तांबूस आणि मोडली की आत राखाडी थर दिसणारी ही भांडी पार्थियन काळातली आहेत.

पार्थियनांचं राज्य इसपूर्व २४७ च्या सुमाराचं. ते इसवी सन २२४ पर्यंत टिकलं. रोमशी त्यांनी बरोबरीने झुंज दिली, पण त्यांचा लिखित इतिहास आपल्याकडे पोचला तो मुख्यतः ग्रीक आणि रोमन लेखकांकडून. शत्रूने लिहिलेल्या इतिहासावर किती विसंबायचं? म्हणून खापरांना महत्त्व. तुर्कमेनिस्तानातल्या निसा इथे तर खापरांवर शाईने लिहिलेल्या दोन हजारांहून अधिक नोंदी मिळाल्या. बहुतेक कोठारात आलेल्या द्राक्षमद्याच्या, म्हणजे चक्क हिशेबाच्या.

एर्नी हेरिंक या बेल्जियन अभ्यासकाने १९८३ मध्ये इराणमधल्या पार्थियन मातीकामाचा प्रदेशवार आढावा प्रसिद्ध केला. राज्य एक असलं तरी भांडी एकसारखी नव्हती, हे त्यातून स्पष्ट होतं. खणखणणारी खापरं झाग्रोस पर्वताच्या पट्ट्यात, तर निळ्या-हिरव्या झिलईची भांडी मुख्यतः मेसोपोटेमिया आणि सूसा परिसरात. तिथल्या वारका गावी तर झिलई दिलेल्या, चपलेच्या आकाराच्या शवपेट्याही सापडल्या. राजाने कुंभारांवर एकच घाट लादला नाही, असंच यावरून म्हणावं लागतं.

झिलई तिथेच का रुजली, याचं एक कारण रसायनशास्त्रात आहे. वनस्पतींच्या राखेतले क्षार आणि वाळू यांची ही काच. निळसर रंग तांब्याचा. अशी काच थंड होताना बरीच आकसते. खालची माती तेवढी आकसली नाही, तर काचेला तडे जातात. मेसोपोटेमियाच्या गाळात चुन्याचं प्रमाण भरपूर, आणि चुनखडीयुक्त माती या काचेशी जुळवून घेते. भांड्यांच्या घाटात मात्र ग्रीक वळण दिसतं. अलेक्झांडरनंतर तिथे वसलेल्या ग्रीकांच्या सवयी राज्य बदललं तरी स्वयंपाकघरात राहिल्या.

घाट मात्र फसवतो. नक्कल कुणीही करू शकतो, म्हणून माती तपासावी लागते. खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यातले खनिजकण दिसतात आणि ते कुठल्या खडकांतून आले, याचा अंदाज बांधता येतो.

या तपासणीचा धागा आपल्या दारापर्यंत येतो. भारतात मिळालेली कुंभांची अनेक खापरं पूर्वी रोमन समजली जात. रोबर्टा टोम्बर यांनी ती पुन्हा पाहिली, तेव्हा त्यांतली काही ‘टॉर्पेडो’ कुंभांची निघाली. घारापुरी बेटावरचीही त्यांत आहेत. बिनकानाचे, निमुळत्या बुडाचे, आतून नैसर्गिक डांबर लावलेले हे कुंभ मेसोपोटेमिया आणि इराणच्या आखाताकडचे. पार्थियनांनंतरही कित्येक शतकं ते घडत राहिले. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाराचं सगळं श्रेय रोमला देऊन चालणार नाही. श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या अशाच कुंभांमधलं डांबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलं गेलं. त्याचा माग थेट इराणमधल्या सूसाच्या परिसरापर्यंत लागला.