कुत्र्याला पाला की लस?

मोहफुलांच्या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया पहाटेच जंगलात निघतात. सोबत घरचा कुत्रा असतो. वाघ-अस्वलाची चाहूल आधी त्यालाच लागते. पण त्याच्या तब्येतीकडे आपण बघतो का?

वस्तीत फिरताना आम्ही विचारतो, "कुत्र्याला लस दिली का?" उत्तर येते, "सिस्टर, गुळवेल पाजतो. त्यानं ताकद वाढते." असा विश्वास आपल्याकडेच आहे असे नाही. चीनमध्येही जनावरांना जडीबुटी देण्याची, सुया टोचण्याची जुनी परंपरा आहे. पण रेबीज आणि डिस्टेंपर हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांच्याशी लढायला शरीराला लसच शिकवते. ते काम पाला करत नाही, मंत्रही करत नाही.

डिस्टेंपर कुत्र्याची रोगप्रतिकारशक्तीच मोडतो. ताप, नाका-डोळ्यांतून घाण, हगवण आणि शेवटी झटके येतात. माणसाला तो होत नाही, पण जंगलातल्या जनावरांना होतो. 2018 मध्ये गुजरातच्या गीरमध्ये या रोगाने सिंह मेले. आपल्या शेजारी ताडोबा आहे, हे विसरू नका.

रेबीज मात्र माणसालाही मारतो. एका घरी पोराला स्वतःच्याच पिल्लाने चावले. आजीने जखमेत मिरची-चुना भरला. आम्ही पोहोचलो, जखम धुतली आणि पोराला दवाखान्यात नेले. पोरगा आज शाळेत जातो. उशीर झाला असता तर? रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचणे जवळपास अशक्य असते.

म्हणून लक्षात ठेवा:

• चावा असो की ओरखडा, साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा.
• मिरची, चुना, तेल, हळद काहीही भरू नका.
• त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस मोफत मिळते. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही लागते.
• सगळे डोस पूर्ण करा. बरे वाटले म्हणून सोडू नका.
• पिल्लू 3 महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्या, नंतर डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. डिस्टेंपरच्या लसीचेही विचारा.

16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण तेव्हापासून म्हणतो. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वस्तीतल्या कुत्र्यांची यादी करा, पशुवैद्यकीय दवाखान्यात अर्ज द्या आणि लसीकरणाचे शिबिर मागा. अर्ज लिहायला आम्ही येतो.

जयभीम!