विश्लेषण : मोफत सॉफ्टवेअरमधील ‘ठिगळ’ तपासतो कोण?

बँका, सरकारी संकेतस्थळे, ऑनलाइन दुकाने अशा असंख्य ठिकाणी ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ ही मुक्त स्रोत माहितीसाठा प्रणाली वापरली जाते. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. मग तिच्यातील बदल कोण तपासतो? आणि नाशिकच्या द्वारका परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याला त्यात हातभार लावता येईल का?

पॅच म्हणजे काय?

प्रोग्राममध्ये कोणत्या ओळी काढल्या आणि कोणत्या घातल्या, एवढेच दाखवणारी छोटी फाइल म्हणजे पॅच. ‘पीएसक्यूएल’ हे पोस्टग्रेसचे कमांड-लाइन साधन. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून त्यातून माहितीसाठ्याशी संवाद साधता येतो. त्यात बदल सुचवण्याची मुभा कोणालाही आहे. मात्र तो मूळ प्रोग्राममध्ये समाविष्ट करण्याचा अधिकार मोजक्याच ‘कमिटर’ मंडळींना असतो. त्याआधी होते ती समीक्षा.

चूक राहिली तर?

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी सीव्हीई-२०२५-१०९४ ही गंभीर त्रुटी जाहीर झाली. तिचे मूळ अक्षरांच्या मोजणीत होते. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ‘नाशिक’ हा शब्द १५ बाइटचा. बाहेरून आलेला मजकूर सुरक्षित करणाऱ्या फंक्शनला एखादा मोडका बाइट दिला, तर पुढचे अवतरणचिन्ह त्याच अक्षराचा भाग आहे असे ते समजत असे. पीएसक्यूएल मात्र तेच चिन्ह खरे मानून मजकूर तिथेच संपला असे धरत असे. या फटीतून हल्लेखोराला स्वतःच्या आज्ञा घुसवता येत होत्या. शिवाय पीएसक्यूएलमधून थेट संगणकाच्या आज्ञाही चालवता येत असल्याने धोका माहितीसाठ्यापुरता उरला नव्हता.

दुरुस्तीलाच दुरुस्ती का लागली?

त्याच दिवशी १७.३ आणि जुन्या शाखांच्या सुधारित आवृत्त्या आल्या. पण या दुरुस्तीमुळे संबंधित फंक्शन मजकुराची सांगितलेली लांबी पाळेनाशी झाली आणि काही वेळा प्रोग्राम कोसळू लागले. त्यामुळे अवघ्या आठवडाभरात, २० फेब्रुवारीला, नियमित वेळापत्रकाबाहेर १७.४ आवृत्ती काढावी लागली. घाईच्या दुरुस्तीलाही दुसरी नजर लागते, ती यासाठी.

समीक्षा कशी होते?

पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ‘कमिटफेस्ट’ नावाचे ठरावीक कालावधी असतात. प्रत्येक पॅचपुढे त्याची स्थिती लिहिलेली असते : समीक्षा हवी, लेखकाच्या उत्तराची प्रतीक्षा किंवा कमिटरसाठी तयार. स्वतःचा पॅच देणाऱ्याने साधारण तेवढाच अवघड दुसऱ्याचा पॅच तपासावा, अशी अपेक्षा असते.

समीक्षक आधी पॅच ताज्या कोडवर नीट बसतो का ते पाहतो. मग प्रोग्राम बांधतो आणि चाचण्या चालवतो. सोबत नव्या चाचण्या व माहितीपुस्तिकेतील बदल आहेत का, हा पुढचा प्रश्न. त्यानंतर तो बदल मुद्दाम मोडून पाहायचा : रिकामी किंमत, प्रचंड मोठा मजकूर, चुकीची आज्ञा देऊन. कोडची रचना आणि वेग यांची पारख शेवटी. मुळात हा बदल हवा आहे का, हेही विचारावे लागते. कारण एकदा आत आलेला पर्याय पुढे वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो.

नाशिककरांना संधी कोणती?

द्वारका चौकातून पुण्याचा रस्ता सुटतो आणि पुण्यात पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या ईडीबीसारख्या कंपन्यांची कार्यालये आहेत. या कामासाठी मात्र तो रस्ता धरण्याची गरज नाही. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. सी भाषेत पारंगत नसलेल्यालाही पॅच चालवून पाहता येतो, माहितीपुस्तिका वाचून संदिग्ध वाक्य दाखवता येते. मराठी नावे-पत्ते भरलेला तक्ता पीएसक्यूएलमध्ये नीट दिसतो का, जोडाक्षरे आणि काना-मात्रा असताना रकाने सरळ राहतात का, ही चाचणी देवनागरी रोज वापरणाऱ्यालाच आधी सुचेल.

या कामाचे मानधन ठरलेले नसते. पण पॅच स्वीकारला गेला, की त्याच्या नोंदीत लेखकाबरोबर समीक्षकांची नावेही येतात आणि ती नोंद जगात कोणालाही पाहता येते. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रासोबत दाखवता येईल, असे हे प्रत्यक्ष काम असते.